पायाशी टांगलेली वीट

मी एक जुनी वीट आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे आणि अंगावर सुतळीचे आडवे-उभे वण पडले आहेत. सध्या मी नगरच्या एका दवाखान्यात असते. हाडांच्या वॉर्डाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवतात. येणारे-जाणारे मला पायाने सरकवतात. मित्रांनो, विटेला काय सांगायचे असणार, असे तुम्हाला वाटेल. मला एकाच घराची गोष्ट सांगायची आहे. पण ती कळावी म्हणून आधी माझ्याविषयी थोडे सांगते.

सीना नदीच्या काठी एका भट्टीवर माझा जन्म झाला. माती, राख आणि भुसा कालवून चिखल तुडवला जाई. मला साच्यात घालणाऱ्या बाईचे नाव मला माहीत नाही. साच्यातून काढताना तिचा अंगठा माझ्या कडेला रुतला. तो खळगा अजून आहे. मग मी उन्हात वाळले, भट्टीत भाजले आणि लाल झाले.

तेव्हा सावेडीकडे नवे बंगले उठत होते. आपण एखाद्या बंगल्याच्या भिंतीत जाऊ, असे आम्हा सगळ्या विटांना वाटायचे. माझी गाडी मात्र दवाखान्याच्या पडक्या कुंपणासाठी आली. कुंपण झाले आणि मी उरले. लिंबाच्या झाडाखाली पडून राहिले.

एके दिवशी वॉर्डात काम करणारा छगन तिथे आला. तो अंगाने थोराड आणि तोंडाने फटकळ होता. त्याने मला उचलले, तळहातावर तोलले आणि थेट डॉक्टरांपुढे नेऊन धरले.

"साहेब, लोखंडी वजनं येतील तवा येतील. तवर ही बया चालंल का?"

डॉक्टर हसले. "चालेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घालून आण."

तिथून माझ्या कामाला सुरुवात झाली. मांडीचे हाड मोडले की मांडीचे स्नायू आवळतात आणि मोडलेली टोके एकमेकांवर चढतात. तशीच जुळली तर पाय आखूड होतो, नाहीतर जुळतच नाहीत. म्हणून पायाला चिकटपट्टी लावतात, तिला दोरी बांधतात, ती दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडतात आणि तिला वजन टांगतात. ते वजन दिवसरात्र पाय ओढून धरते. हाडे सरळ रेषेत राहतात आणि हळूहळू जुळतात. ते वजन म्हणजे मी. मी जमिनीला टेकता कामा नये आणि कोणी मला उचलता कामा नये. लोंबकळत राहणे एवढेच माझे काम.

भिंतीत जायचे राहिले याचे मला सुरुवातीला वाईट वाटले. मग तोफखाना भागातला एक मुलगा आला. पतंगामागे पत्र्यावरून धावताना तो खाली पडला होता. त्याची आई रडत होती आणि तो विचारत होता, "माझा पतंग कुणी धरला?" मी त्याच्या पायाला लोंबकळले. काही आठवड्यांनी तो कुबड्या टेकत घरी निघाला, तेव्हा त्याने जाता जाता मला एक चापट मारली. "जातो गं विटाबाई," म्हणाला. त्या दिवशी मला वाटले, भिंतीपेक्षा हे बरे.

हाडे फक्त म्हाताऱ्या माणसांची मोडतात, असा माझा समज होता. तो लवकरच गेला. या शहरात कुठल्याही वयाचे माणूस त्या खाटेवर आलेले मी पाहिले. मुले चिंचेच्या झाडावरून पडून येत, शाळेच्या भिंतीवरून पडून येत. त्यांची हाडे ओल्या काडीसारखी असतात. ती लवकर जुळतात आणि मुले पळून जातात. कामाच्या वयाचे पुरुष माळीवाड्याच्या स्टँडजवळ ट्रकच्या धक्क्याने पडून येत, मोटारसायकलवरून पडून येत. बाहत्तर सालचा दुष्काळ पडला तेव्हा खडी फोडायच्या कामावरून माणसे येऊ लागली. कोणाचा पाय दगडाखाली सापडलेला, कोणी सुरुंगाच्या आवाजाला पळताना पडलेला. तळाला गेलेल्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या सुना आल्या. त्या महिनोन्महिने पडून राहत आणि घरच्या काळजीने रडत. पण बहुतेक उठून गेल्या.

म्हाताऱ्या माणसांचे तसे नव्हते. तरुण माणसाचे हाड मोडायला काहीतरी मोठे घडावे लागते. म्हाताऱ्या माणसाला ओली फरशी पुरते. कोणी मोरीत घसरलेली, कोणी उंबऱ्याला अडखळलेली, कोणी नुसते अंथरुणातून उठताना पडलेली. पडायला निमित्त लहान आणि दुखणे मोठे. त्यांची हाडे जुळायला वेळ लागायचा. त्या वेळात पाठीला जखमा व्हायच्या, छातीत कफ भरायचा. त्यांच्यापैकी किती जण आपल्या पायाने त्या दारातून बाहेर गेले, हे मला कोणी विचारू नये.

आता त्या घराची गोष्ट.

दुष्काळातली संक्रांत होऊन गेली होती. चांगुणाबाई नावाची साठीला आलेली बाई हातगाडीवरून आणली गेली. ती आणि तिचा नवरा भिमाजी मूळचे पाथर्डीकडच्या कोरड्या गावचे. बऱ्याच वर्षांपूर्वी ते नगरला आले होते. भिमाजी आडते बाजारात हमाली करायचा. वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा. रोज सकाळी हंडा भरला की भिमाजी तो चांगुणाबाईच्या डोक्यावर ठेवून मग कामाला जायचा. त्या दिवशी टँकर उशिरा आला. भिमाजी बाजारात गेलेला होता. टँकरपाशी रेटारेटी झाली. सांडलेल्या पाण्याने फरशी निसरडी झाली होती. चांगुणाबाईने हंडा एकटीने उचलला आणि ती पडली. मांडीचे हाड वरच्या अंगाला मोडले.

डॉक्टरांनी पाय सरळ केला आणि मला टांगले. ते घाईत होते. बाहेर माणसे ताटकळली होती. त्यांनी भिमाजीला एवढेच सांगितले, "ट्रॅक्शन दिलंय. पाय अजिबात हलवायचा नाही. समजलं?"

भिमाजीने मान हलवली. पाय हलवायचा नाही, हे त्याला समजले. पायाला वीट का बांधली, हे कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. मोठ्या माणसाला उलट काही विचारायचे नाही, अशी त्याची सवय होती.

शेजारच्या खाटेवर भिंगारची कडूबाई होती. तिच्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर होते आणि तोंडाला विसावा नव्हता. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "चांगुणाबाई, दुखतंय का लई?"

"दुखतंय तर. इटंवर देव उभा ऱ्हातो म्हनत्यात. हितं इटच माज्या पायावर उभी ऱ्हायली."

सगळा वॉर्ड हसला. चांगुणाबाई अशी होती. दुखण्यालाही ती चार शब्द सुनवायची.

भिमाजी दुपारी बाजारातून यायचा. डोक्यावरचे पोते उतरवून तसाच यायचा, अंगावर धान्याची धूळ असायची. दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेला ज्वारीसारखा दाणा. त्याच्या भाकरी तो स्वतः थापून आणायचा. त्या जाड असायच्या आणि कडेला करपलेल्या. भाकरी द्यायची आणि खाटेच्या पायथ्याला, माझ्या शेजारी जमिनीवर बसायचे, हा त्याचा नेम होता. उशाकडे तो कधी बसला नाही. चारचौघांत बायकोशी बोलायची, तिचा हात हातात घ्यायची त्याला लाज वाटायची. त्याच्या वयाच्या माणसांत तशी रीतच नव्हती.

कडूबाईने त्याला सोडले नाही. "अवो दाजी, इटंकडं काय बघत बसलाय? बायकू तिकडं हाय, उशाला."

"दिसतीया हितनं," भिमाजी म्हणाला आणि मान खाली घातली.

"लगीन झाल्यापासून असंच हाय बघ," चांगुणाबाई म्हणाली. "घरातबी मला हाक मारायची तर भिताडाकडं बघून मारत्यात. भिताडाला वाटायचं, मलाच जेवाया वाढ म्हनत्यात."

भिमाजी हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होते. ते फक्त मला दिसत होते.

त्यांना एकच मुलगी, लंका. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. कारखाना बंद झाला की तोडीच्या माणसांचे ट्रक नगरवरून पाथर्डीकडे जायचे आणि माळीवाड्याच्या स्टँडजवळ थोडे थांबायचे. दरवर्षी चांगुणाबाई भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तिथे उभी राहायची. वर्षातून मायलेकींची तेवढीच गाठ. या वर्षीही ती जाणार होती. डॉक्टर दिसले की ती एकच विचारायची, "साहेब, ट्रकापतुर माजा पाय हुईल ना बरा? मला स्टँडावर उभं ऱ्हायचंय."

"पाय हलू दिला नाही तर होईल," डॉक्टर म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे.

"आन् मला हातगाडीवर घालून न्यायचं न्हाई," ती भिमाजीला बजावायची. "पोरगी घाबरंल. मी माज्या पायानं जानार."

"जाशील की," भिमाजी म्हणायचा.

दुपारी तिला जास्त दुखायचे. ऊन तापायचे, पत्रा तापायचा, मांडीत पेटके यायचे. ती पदर दातांत धरायची आणि आवाज होऊ द्यायची नाही. पण दोरीतून तिचे थरथरणे माझ्यापर्यंत यायचे. भिमाजी माझ्याकडे बघत बसायचा. त्याने जन्मभर ओझी उचलली होती. आडते बाजारात हमालांची एक रीत आहे. ओझ्याखाली माणूस दिसला की विचारायचे नाही, जाऊन हात लावायचा. तो ओळखीचा असो वा नसो. ज्याने हात लावला नाही, त्याच्याजवळ बसून कोणी भाकरी खात नाही.

एका दुपारी सिस्टर जेवायला गेल्या होत्या. वॉर्डात सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. चांगुणाबाई कण्हली. भिमाजीने इकडेतिकडे पाहिले आणि तळहात माझ्याखाली घातला. त्याच्या अंगठ्याला माझ्या कडेचा खळगा सापडला. त्याने मला थोडे वर उचलले.

दोरी सैल झाली. चांगुणाबाईने लांब श्वास सोडला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बाई गं, आता बरं वाटतंय," ती म्हणाली आणि तिला झोप लागली. भिमाजीचा हात अवघडला तरी त्याने मला खाली सोडले नाही. सिस्टरच्या चपलांचा आवाज आला, तेव्हा त्याने मला हळूच पुन्हा लोंबकळत ठेवले. तिचा पाय तसूभरही हलू दिला नाही. पाय हलवायचा नाही, हे त्याला सांगितलेले होते.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा हलकी झाले. माझ्याखाली एवढा जपून हात कोणी घातला नव्हता. आणि त्याच वेळी मला कळत होते की मांडीत, कातडीच्या आत, हाडाची दोन टोके पुन्हा एकमेकांवर चढत आहेत. मी विटेची जात. मला तोंड नाही.

मग तो रोजच करू लागला. हात भरून येई म्हणून त्याने माझ्याखाली एक लाकडी स्टूल सरकवायला सुरुवात केली. दुपारभर मी स्टुलावर बसायची. चांगुणाबाई झोपायची. भिमाजी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. ती जागी असताना त्याला तसे बघता येत नव्हते. त्याच्या तोंडावर एक समाधान असायचे. आपल्या माणसाचे ओझे आपण थोडे तरी उतरवले, असे त्याला वाटायचे.

शिमग्याच्या सुमारास पायाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हाडं एकमेकांवर चढलीत. असं कसं झालं? वजन कमी पडतंय. वाढवा."

छगनने लिंबाखालून दुसरी वीट आणली आणि माझ्या पाठीशी बांधली. चांगुणाबाईच्या तोंडून पहिल्यांदा किंकाळी निघाली. भिमाजी उठून उभा राहिला. तो डॉक्टरांच्या मागे दोन पावले गेला.

"साहेब, एवढं वझं म्हातारीला कशापायी?"

डॉक्टर तोवर दुसऱ्या खाटेपाशी पोचले होते. छगन म्हणाला, "भिमाजीनाना, डाक्टरला जास्त कळतं का तुमाला? बसा गप."

भिमाजी गप बसला. आणि दुसऱ्या दुपारी त्याने आम्हा दोघींना स्टुलावर ठेवले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते उघडकीला आले. साळवे सिस्टर काहीतरी विसरल्या म्हणून अर्ध्या जेवणातून परत आल्या. त्यांनी स्टूल पाहिले, वर बसलेल्या आम्हाला पाहिले आणि सैल पडलेली दोरी पाहिली. त्या दारातच थांबल्या.

"बाबा, हे काय केलंत?"

भिमाजी उभा राहिला. "काय न्हाई बाई. जरा टेकीवलं. झोप लागत न्हाई तिला."

"कधीपासून करताय हे?"

कडूबाई आपल्या खाटेवरून म्हणाली, "रोजच करत्यात की, बाई. मला वाटलं, तुमीच सांगितलंय."

साळवे सिस्टर रागाने काही बोलणार होत्या. मग त्या भिमाजीच्या शेजारी खाली बसल्या. त्यांनी आपली दोन बोटे टोकाला टोक लावून धरली. "हे हाड. हे असं मोडलंय. वीट ओढते म्हणून ही टोकं समोरासमोर राहतात." मग त्यांनी एक बोट दुसऱ्यावर चढवले. "वीट उचलली की असं होतं. रोज जुळायला लागतं आणि रोज दुपारी सुटतं."

भिमाजी त्या बोटांकडे पाहत राहिला. "म्हंजे इट तिला बरं कराया बांधली व्हती?"

"मग कशाला बांधली असेल, बाबा?"

"मला वाटलं..." त्याला काय वाटले होते, ते त्यालाही सांगता आले नसते. दवाखान्यात माणसाला सोसावे लागते, एवढेच त्याला माहीत होते.

तेवढ्यात खाटेवरून चांगुणाबाईचा आवाज आला. ती जागी झाली होती. "त्यांना बोलू नगा, बाई. मीच सांगितलं व्हतं उचलाया. ते न्हाई म्हनत व्हते."

हे खरे नव्हते. तिने कधीच काही सांगितले नव्हते. हे मला ठाऊक होते आणि भिमाजीलाही ठाऊक होते. त्याने पहिल्यांदा सगळ्यांसमोर तिच्या तोंडाकडे पाहिले. तिने त्याच्याकडे पाहून नाही अशी मान हलवली. गप राहा, असा त्याचा अर्थ होता. तो गप राहिला.

मग सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. स्टूल वॉर्डाबाहेर गेले. आम्ही दोघी लोंबकळत राहिलो. भिमाजी तसाच दुपारी यायचा आणि माझ्या शेजारी बसायचा, पण आता तो आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. चांगुणाबाई कण्हली की त्याचे खांदे हलायचे. हात मात्र तो काढायचा नाही. त्या हातांना आता काय करायचे, हे त्याला कळत नव्हते.

"अवो, पाठ खाजीवता का जरा?" एकदा चांगुणाबाई म्हणाली. मला वाटते, त्याच्या हातांना काही काम द्यावे म्हणूनच ती म्हणाली. तो उठला, उशाकडे गेला. तिची पाठ ओली लागली. तिथे जखमा झाल्या होत्या. एवढे दिवस उताणे पडून राहिल्यावर ते व्हायचेच. साळवे सिस्टरनी जखमा धुतल्या, पावडर लावली, कूस जेवढी बदलता येईल तेवढी बदलली. पण शरीर थकले होते. मग ताप आला. मग छातीत घरघर सुरू झाली. कडूबाईचे बोलणेही कमी झाले.

चांगुणाबाईचे तापातले बोलणे स्टँडाचे असायचे. "ट्रक आला का? ठेचा बांधलाय का फडक्यात?"

"बांधलाय," भिमाजी म्हणायचा. आता तो उशाशी बसायचा. लोक बघत असले तरी बसायचा.

"म्या उभी ऱ्हाईन. तुमी फकस्त ट्रकाला हात करा."

वैशाखात, सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर, चांगुणाबाई गेली. भिमाजी तेव्हा वॉर्डात होता. दोरी एकदा थरथरली आणि मग तिच्यात काही हलले नाही. मी त्या पायाला तशीच ओढत होते. माझ्याने थांबता येत नाही.

छगन आला. वजने सोडायचे काम त्याला रोजचेच होते, पण त्या दिवशी तो खाटेपाशी येऊन घुटमळला. भिमाजीने त्याला विचारले, "आता काढली तर चालंल का रे, इट?"

छगनने मान हलवली.

"मी काढतो," भिमाजी म्हणाला.

त्याने तळहात माझ्याखाली घातला. अंगठा त्या खळग्यात बसला. दुसऱ्या हाताने त्याने गाठ सोडली. मग आम्हा दोघींना फरशीवर ठेवले, आवाज न करता, हमाल दुसऱ्याचा माल उतरवतो तसे. पाय हलला नाही.

तिला हातगाडीवर घातले नाही. आडते बाजारातले हमाल आले होते. कोणी कोणाला काही विचारले नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी हात लावला.

पंधरवड्याने भिमाजी परत आला. तांब्या आणि गोधडी वॉर्डात राहिली होती. छगनने ती जपून ठेवली होती. "बसा नाना, चहा घ्या," तो म्हणाला.

"नगं." भिमाजी गोधडी काखेत धरून उभा राहिला. मग विचारल्यावाचूनच म्हणाला, "लंकीचा ट्रक आला. भाकरी म्याच नेल्या. उतरून माज्या मागं बघाया लागली. आई कुठं ऱ्हायली, म्हनली."

छगनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. भिमाजी दाराकडे वळला आणि थांबला.

त्याच खाटेवर आता एक लहान मुलगी होती. शेवग्याच्या झाडावरून पडली होती. मी तिच्या पायाला होते. मुलगी रडत होती आणि तिच्या आईने दोन्ही हात माझ्याखाली घालून मला वर धरले होते. भिमाजी तिच्यापाशी गेला. खाली बसला. त्याने तिचे हात मनगटाला धरले आणि माझ्यापासून दूर केले.

"अवो, काय करताय? पोरगी रडतीया माजी!"

"रडू द्या, बाई."

"तुमाला काय जातंय रडू द्या म्हनाया? जिवाला लागतंय!"

"लागतंय," भिमाजी म्हणाला. "रडू द्या तरीबी. ओढू द्या इटंला." आणि मग त्याने साळवे सिस्टरनी धरली होती तशी आपली दोन बोटे टोकाला टोक लावून धरली. बोटे जाड होती आणि फार हलत होती. ती टोके काही जुळेनात. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही कळले नसावे, पण तिने पुन्हा हात घातला नाही. भिमाजी उठून गेला. तो पुन्हा आला नाही.

ती मुलगी पुढे चालत घरी गेली. मला बरे वाटले, पण पहिल्यासारखे नाही. मागच्या वर्षी लोखंडी वजने आली. ती गुळगुळीत आहेत, त्यांच्यावर आकडे कोरलेले आहेत. माझी सुतळी सोडली गेली आणि मी या दाराशी आले. इथून खाटा दिसतात. अजूनही रोज कोणीतरी येते, मूल, बाई, गडी, म्हातारी. आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याला घरचे कोणीतरी बसलेले असते आणि त्या वजनाकडे बघत असते.

मित्रांनो, तुमच्या वस्तीत टँकर येतो. नळावर, टँकरवर एखादी म्हातारी बाई हंड्याशी वाकलेली दिसली तर खेळ सोडून जा आणि तिच्या हंड्याला हात लावा. सांडलेल्या पाण्यावर माती टाका. तिथे लावलेला हात उपयोगी पडतो. पण दवाखान्यात तुमच्या माणसाच्या पायाला काही टांगलेले दिसले, तर आधी विचारा, हे कशासाठी. सांगणारा घाईत असला तरी विचारा. आणि तुमच्यातले जे पुढे शिकून डॉक्टर होतील, त्यांनी पुढच्या खाटेकडे वळण्याआधी पायथ्याशी बसलेल्या माणसाजवळ क्षणभर खाली बसावे आणि दोन बोटे धरून दाखवावीत. तेवढेच करायचे असते. चांगुणाबाईच्या वेळी ते उशिरा झाले.

माझ्या कडेचा खळगा अजून आहे. दार लावताना कोणी मला उचलले तर अंगठा तिथेच जाईल. पण हल्ली मला हाताने कोणी उचलत नाही.